धरणात टाकलेला चारा

लांज्याला एस.टी. स्टँडच्या समोरच्या ओळीत माझं दुकान होतं. पाटीवर 'किराणा व भुसार' असं लिहिलेलं, पण ऐंशीच्या दशकात लोक मला ओळखायचे ते दुकानाच्या मागच्या खणासाठी. तिथे गऱ्या, तंगूस म्हणजे गरी बांधायचा नायलॉनचा दोरा, शिसं, बुचं, बांबूच्या काठ्या आणि आमिषाचे डबे असत. देशावर ज्याला गळ म्हणतात त्याला आमच्याकडे गरी म्हणतात, आणि गळ टाकून बसण्याला गरवणं. तालुक्याच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी धरण झालं, पाणी दूरवर पसरलं, सरकारी खात्याने त्यात कटला-रोहूची पिल्लं सोडली, आणि बघता बघता अख्ख्या तालुक्याला गरवण्याचं वेड लागलं. धरणाचं नाव मी इथे देत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत.

या धंद्यात मी सारखा चाट पडत आलो. मासा काय खाईल याचा मला अंदाज आहे असं वाटायला लागलं, की कोणीतरी येऊन तो अंदाज मोडून टाकायचा. लग्नाच्या बँडमध्ये सनई वाजवणारे एक गृहस्थ होते. ते माझ्याकडून फक्त गऱ्या न्यायचे, आमिष कधीच नाही. एकदा मी विचारलं, तर खिशातून अंगाला लावायच्या साबणाची वडी काढून दाखवली. मला वाटलं चेष्टा करतायत. दुसऱ्या दिवशी हातभर लांबीची शिंगटी घेऊन हजर. तिच्या तोंडाला अजून फेस होता.

दुबईहून आलेल्या एकाने रबरी बेडूक आणला होता. त्याने तो न सांगता काउंटरवर ठेवला आणि मी तराजू पालथा केला. त्या बेडकावर मरळ मासा असा तुटून पडला म्हणे, की बेडूक, तंगूस आणि काठीचं टोक सगळं घेऊन गेला. तो माणूस टोक तुटलेली काठी घेऊन दुकानात आला. "अण्णा, तिकडून आणलेली एकच वस्तू मी स्वतःसाठी ठेवली होती," एवढंच म्हणाला.

तसली परदेशी वस्तू मला परवडणारी नव्हती, म्हणून मी घरच्या घरी चकाकी बनवू लागलो. स्टीलच्या चमच्याची दांडी कापायची, खोलगट भागाला दोन्ही टोकांना भोक पाडायचं, एका टोकाला तिहेरी गरी आणि दुसऱ्याला तंगूस. पाण्यातून ओढली की ती घायाळ माशासारखी लटपटत येते, आणि मरळीला घायाळ मासा दिसला की राहवत नाही. चकाकी खूप खपली. आमच्या घरात मात्र पाहुणे आले की आमटी वाटीला तोंड लावून प्यावी लागायची.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आमिष म्हणजे गांडूळ, अजून काय. गांडूळ चालतंच. पण आधी पाणी बघावं लागतं. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं, माशाला दिसत नाही, तो वासावर येतो. तेव्हा सुकटाची पूड, कोंबडीची आतडी, कुजकं, घाण, जे घरात आणू देत नाहीत ते सगळं चालतं. थंडीत पाणी काचेसारखं होतं. तेव्हा मासा दहा वेळा बघतो, मग तोंड लावतो. तिथे तंगूस बारीक हवा, गरी आमिषाच्या पिठात पुरती लपलेली हवी. उन्हाळ्यात मासा खोल जातो, मग शिसं वाढवायचं. आणि कटला-रोहूसाठी एकट्या आमिषाचा उपयोग नाही, आदल्या दिवशी चारा टाकून जागा तयार करावी लागते. भाताचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड, भाजलेली मेथी, ओवा, थोडा गूळ, सगळं आंबट ताकात मळायचं, नारळाएवढे गोळे करायचे आणि पाण्यात सोडायचे. रात्रभर त्या वासावर मासे गोळा होतात. सकाळी तिथे गरी टाकायची. माझ्या चाऱ्याला मागणी होती, आणि मेथी किती भाजायची हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

माझ्या गिऱ्हाइकांत दोघांचा हात फार चांगला होता. त्यातली एक बाई होती, हे मला कितीतरी महिने कळलंच नाही.

सुलोचना धरणाकाठच्या वाडीतली. नवरा धोंडू मुंबईला नोकरीला, घरी म्हातारी सासू आणि दोन पोरं. ती दर बाजारच्या दिवशी यायची आणि पदराआडून सांगायची, "त्यांच्यासाठी गऱ्या हव्यात." मी द्यायचो. शेवटी एकदा सहज म्हटलं, "धोंडूभाऊ बरेच दिवस राहिले यंदा गावाला."

"ते कुठे आलेत? होळीला येतील."

"मग गऱ्या?"

ती हसली. "मीच गरवते, अण्णा. लोकांना सांगू नका."

ती गांधीलमाशीच्या पोळ्यातल्या अळ्या लावायची. पोळं कसं काढते विचारलं तर नुसता सुजलेला हात दाखवला. पाण्याखाली गेलेली झाडं कुठे उभी आहेत हे तिला ठाऊक होतं, कारण बुडण्याआधी तिने त्यांच्याखालचा पालापाचोळा गोळा केलेला. बुडालेल्या झाडाच्या फांद्यांत मासा हमखास असतो, फक्त गरी अडकून तुटण्याची तयारी हवी. ती मासे टोपलीत घालून विकायची. आधी धरणाकाठच्या मोठ्या बागेत बापूसाहेबांकडे, ते निवडून घ्यायचे, आणि उरलेले पहिल्या एस.टी.ने लांज्याच्या बाजारात.

ते बापूसाहेब म्हणजे माझं दुसरं गिऱ्हाईक. धरणाच्या उतारावर त्यांची हापूसची बाग. उंच, गोरे, बोलायला मऊ. जीपमधून उतरून मागच्या खणात यायचे, चाऱ्याचा गोळा नाकाशी धरून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "ओवा किंचित कमी." आणि ते खरं असायचं. मासा हातात धरण्याआधी हात पाण्यात बुडवून ओले करायचे हे मला त्यांनी शिकवलं. कोरड्या हाताला माशाच्या अंगावरची बुळबुळ लागून जाते, मग सोडून दिलेला मासाही पुढे जगत नाही. वितीपेक्षा लहान मासा ते नेहमी सोडून द्यायचे, आणि पाण्यात सोडतानासुद्धा फेकायचे नाहीत, दोन्ही हातांनी धरून तो स्वतःहून निघेपर्यंत वाकून उभे राहायचे. गावात त्यांच्या शब्दाला मान होता. माझ्याही मनात होता. एवढं सांगितलं म्हणजे पुढचं सांगताना माझी काय अवस्था होते ते समजेल.

मोहोर फुललेला, थंडी संपत आलेली, असे दिवस होते. बापूसाहेबांकडे मुंबईहून दोन बडे पाहुणे येणार होते. त्यांना गरवायचं होतं. बापूसाहेबांनी माझ्याकडून कोंडा, पेंड, मेथी असं सगळं भरपूर नेलं आणि म्हणाले, "चारा आमचा गणपत मळेल आणि आदल्या संध्याकाळी खाडणात टाकेल. तुम्ही सकाळी या, आमिष तुमच्या हातचं हवं." खाडण म्हणजे त्यांच्या बागेखाली पाणी आत शिरून झालेला उथळ कोपरा. गणपत त्यांचा गडी.

सकाळी मी स्कूटरवर मळलेलं पीठ, जिवंत कोळंबीचा डबा आणि काठ्या बांधून निघालो. बागेच्या कुंपणाला वळसा घालून पाण्याकडे उतरलो आणि तिथेच थांबलो.

खाडण पांढरं झालं होतं. मासे पोटं वर करून तरंगत होते. काही अजून जिवंत होते. ते पाण्यावर येऊन गोल गोल फिरत होते, स्वतःच्याच शेपटीमागे लागल्यासारखे. एक मोठा कटला माझ्या पायापाशी काठावर आला, तोंड उघडून थरथरला आणि आडवा झाला. इतकी वर्षं आमिषं विकली, पण एवढा मोठा मासा मी तोवर पाहिला नव्हता. तो कुणाच्या गरीला कधीच लागला नव्हता.

वाडीतली माणसं पाण्यात उतरून टोपल्या भरत होती. आनंद नुसता. कोणी हाक मारली, "अण्णा, या, आज आमिष नको नि गरी नको!"

काठावर एक अर्धं कापलेलं पत्र्याचं पिंप पालथं पडलं होतं. चाऱ्याचा कोंडा त्याच्या कडांना चिकटला होता. मी ते सुलटं केलं आणि वास आला. तो वास आंब्याच्या मुलखात राहणाऱ्या कोणालाही सांगावा लागत नाही. मोहोरावर तुडतुडे पडले की जी फवारणी करतात, त्या औषधाचा. पिंपाच्या तळाला दुधासारखा पांढरा थर होता. औषध कालवायच्या पिंपात चारा मळला होता, आणि नंतर ते पिंप तिथेच पाण्यात विसळलं होतं.

मी ओरडलो. "टाका ते मासे! विष आहे त्यात! फवारणीचं औषध पडलंय!"

काही जण थबकले. एक म्हातारा कमरेएवढ्या पाण्यातून म्हणाला, "अण्णा, आज फुकट मिळतायत म्हणून तुमच्या पोटात दुखतंय काय?" सगळे हसले. मी पाण्यात शिरलो, त्याची टोपली ओढून उलटी केली आणि पिंप त्याच्या नाकाखाली धरलं. त्याचं हसू गेलं. त्याने वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि हात धुवायला पाण्यात घातले. मग दचकून बाहेर काढले.

"अजून कोणी नेलेत?" मी विचारलं.

"सुलूने. ती तर उजाडतानाच आलेली. पहिल्या गाडीने बाजारात गेली."

तिथून लांज्यापर्यंत मी स्कूटर कशी हाणली ते मला आठवत नाही. कोळंबीचा डबा वाटेत कुठेतरी पडला.

मासळीच्या बायका बसतात त्या कोपऱ्यात सुलोचना बसली होती. टोपली निम्मी रिकामी. समोर दोन गिऱ्हाइकं वाकून मासे निवडत होती. मी त्यांच्या हातातले मासे हिसकावून टोपलीत टाकले.

"सुलोचना, हे विकू नको. विषाने मेलेत."

"कसलं विष? अण्णा, जिवंत हुते. माझ्या हातात तडफडत हुते."

"म्हणूनच तडफडत होते."

तिला पटेना. गिऱ्हाइकं भांडायला लागली. त्यांनी पसंत केलेला मासा मी हिसकावला होता. माणसं जमली. तेवढ्यात एकाने मागून हात घालून टोपलीतला एक रोहू उचलला आणि चालू लागला. तेव्हा माझं डोकं फिरलं. दुकान समोरच होतं. मी धावत गेलो, स्टोव्हसाठी ठेवलेला रॉकेलचा डबा आणला आणि सगळ्या बाजारादेखत तिच्या टोपलीवर ओतला.

मग सुलोचना उठली. कायम पदराआडून बोलणारी ती बाई. तिने माझी कॉलर धरली. "ह्या काय केलात? माझ्या पोटावर मारलात तुमी! माझी पोरां काय खातील? काय खातील सांगा!"

आणि ते शब्द तोंडातून बाहेर पडत असतानाच ती थांबली. तिचा हात माझ्या कॉलरवर तसाच राहिला. मी तिचा चेहरा बघत होतो. इतक्या जवळून मी कोणाच्या चेहऱ्यावरून रक्त उतरताना पाहिलेलं नाही.

"सकाळी," ती म्हणाली, "बारके दोन मासे निखाऱ्यावर टाकून आलेय. पोरांसाठी. सासूला सांगितलंय, उठली की दे."

बारके मासे कोणी साफ करत नाही. पोटातल्या चाऱ्यासकट भाजतात.

माझ्या शेजारच्या दुकानदाराची जीप होती. तो सुलोचनाला घेऊन वाडीकडे निघाला. मी एस.टी.च्या कंट्रोलरकडे गेलो. गाड्यांची नावं पुकारतात त्या भोंग्यावरून त्याने लगेच सांगायला सुरुवात केली, की आज सकाळी बाजारातून गोडे मासे घेतलेल्यांनी ते खाऊ नयेत, विषारी आहेत. तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. माणसं पिशव्या घेऊन परत यायला लागली. कोणी माझ्याकडे संशयाने बघत होतं, कोणी शिव्या देत होतं, पण मासे परत येत होते. ज्यांनी घरी नेऊन कालवण चढवलं होतं त्यातला एक जण टोपासकट आला. त्याच्या मांजराने आधीच डोकं खाल्लं होतं. मांजर मेलं होतं.

जीप सरकारी दवाखान्यात आली तेव्हा मी तिथे पोचलो होतो. मुलगा बाबू शुद्धीवर होता पण पाय धरत नव्हते. धाकटी छबी आईच्या खांद्यावर लाळ गाळत पडली होती. डॉक्टर तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी पोरांची पोटं धुवायला घेतली आणि मला बाहेर बोलावलं.

"औषध कोणतं होतं?"

"आंब्यावरचं फवारणीचं."

"त्यात जाती आहेत. एका जातीला जो उतारा चालतो तो दुसरीला चालत नाही. लक्षणं अजून धड स्पष्ट नाहीत आणि पोरं एवढीशी आहेत. अंदाजाने सुई टोचायची मला हिंमत होत नाही. डब्यावरचं नाव आणा. लवकर."

डबा कुठे असणार ते मला ठाऊक होतं. जीवही थोडा हलका झाला, कारण बापूसाहेबांकडे जायचं होतं. दुसरा कोणी असता तर मला भीती वाटली असती.

ते पडवीत बसले होते. पाहुण्यांसमोर चहाचे कप. मला बघून नेहमीसारखे हसले. "या अण्णा. आजचा बेत आम्ही रद्द केला. पाण्याची तब्येत बरी दिसत नाही. चहा घ्या."

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पिंप, मासे, सुलोचनाची पोरं, डॉक्टर. "फवारणीचा डबा द्या बापूसाहेब. नुसतं नाव सांगितलंत तरी चालेल."

त्यांनी कप बशीत ठेवला. "आमची फवारणी अजून सुरूच झालेली नाही."

त्यांच्या मागे, पडवीच्या कठड्यापलीकडे, कलमांच्या मोहोरावर पांढरे थेंब वाळलेले मला दिसत होते. पायरीपाशी गणपत उकिडवा बसला होता. त्याने मान वर केली नाही.

"बापूसाहेब, पोरं आहेत ती. मरतील."

"गरिबाची पोरं काहीबाही खातात, अण्णा. त्याचं खापर तुम्ही माझ्या दारात फोडू नका. पाहुणे आहेत घरात." आवाज तसाच मऊ होता. ओवा किंचित कमी म्हणतानाचाच आवाज.

मारामारी करावी, पाया पडावं, काय करावं काही सुचेना. मासा सोडताना पाण्यावर वाकून उभा राहणारा हाच माणूस का, एवढंच डोक्यात फिरत होतं.

तेवढ्यात मागच्या अंगणातून माई आल्या. बापूसाहेबांच्या पत्नी. मी त्यांना इतक्या वर्षांत फक्त चहाचा ट्रे दाराआडून पुढे करताना पाहिलं होतं. नऊवारी नेसलेल्या, साठीच्या. त्यांच्या हातात पत्र्याचा डबा होता. डब्यावर लाल त्रिकोण आणि कवटीचं चित्र.

"माई, आत जा," बापूसाहेब म्हणाले.

माई माझ्याकडे वळल्या. "तुमची ती गाडी मला घेऊन चालेल का? डब्यावर इंग्रजीत आहे, तुम्ही वाचताना चुकाल. डबाच नेऊ. आणि वाटेत कोणी तुमच्याकडून हिसकावायला नको."

त्या स्कूटरवर एका बाजूला बसल्या, डबा पदरात गुंडाळून पोटाशी धरला आणि दुसऱ्या हाताने माझा खांदा. आयुष्यात पहिल्यांदा त्या स्कूटरवर बसल्या असाव्यात. पण वळणावर मी सावकाश घेतली की मागून आवाज यायचा, "जोरात चला."

डॉक्टरांनी नाव वाचलं आणि आत धावले.

दुपारभर सुलोचना दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसून होती. माई तिच्या शेजारी फरशीवर बसल्या. त्यांना कोणीतरी खुर्ची आणून दिली, ती त्यांनी सुलोचनाच्या सासूला दिली. ऊन कलायला लागल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, मुलगा पाणी मागतोय. मुलीला अजून वेळ लागेल, पण आता ती हातची जाणार नाही.

सुलोचना रडली नाही. तिने माईंकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमचे उपकार झाले." मग, जणू स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली, "सकाळी मी पयली तुमच्याकडेच आली हुती. बापू दारात हुते. रोज निवडून घेत्यात. आज सांगितलानी, आम्हांस नको, तू बाजारात जा."

माई एकदम ताठ बसल्या. "गणपत होता का तिथे तेव्हा?"

"हुता. पायरीशी बसलेला. रडत हुता. मी म्हटलं, कोण आजारी हाय काय."

माईंनी डोळे मिटले. मला कळायला थोडा वेळ लागला. गणपत पहाटेच पाण्यावर जाऊन आला होता. त्याने धन्याला सगळं सांगितलं होतं. त्यानंतर सुलोचना टोपली घेऊन दारात आली होती. त्या टोपलीत काय आहे हे बापूसाहेबांना ठाऊक होतं. आपल्या पाहुण्यांच्या ताटात ते नको, एवढं त्यांनी बघितलं, आणि तिला बाजाराची वाट दाखवली.

मी आजही तो व्हरांडा टाळतो. दवाखान्यात जायचंच झालं तर मागच्या दाराने जातो.

माई उठल्या. "अण्णा, मला राजापूरच्या गाडीत बसवून द्या. भाऊ असतो तिथे." अंगावरच्या लुगड्यानिशी त्या निघाल्या. घरी जाऊन काही घ्यायचं आहे का, असं मी विचारलं नाही. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून फक्त सुलोचनाच्या पोरीची खबर कळवायला सांगितलं.

तिन्हीसांजेला बापूसाहेबांची जीप दुकानासमोर थांबली. ते खाली उतरले. मला वाटलं, आता हा माणूस कोसळेल. मी त्यांच्यासाठी स्टूलही पुढे सरकवलं. अजून मला तशीच आशा होती, त्याला काय म्हणावं.

ते काउंटरपाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "डबा कुणाकडे आहे?"

पोरं कशी आहेत, हे नाही. माई कुठे आहे, हेसुद्धा नाही.

"डॉक्टरांकडे," मी म्हणालो. "ते पोलिसांना देणार आहेत."

त्यांनी मान डोलावली, जशी मेथी संपली असं सांगितल्यावर डोलावली असती, आणि निघून गेले.

पुढे चौकशी झाली. चारा गणपतने मळला होता, पिंप गणपतने विसळलं होतं, म्हणून कागदावर गणपतच आला. पिंप कोणी पुढे केलं, सकाळी दारात काय बोलणं झालं, हे कोणी विचारलं नाही, आणि मी आपणहून सांगितलं तेव्हा लिहून घेतलं नाही. गणपत काही दिवस कोठडीत राहिला, सुटल्यावर मुंबईला गेला तो परत दिसला नाही. बापूसाहेब गावच्या देवळाच्या कार्यक्रमांना पुढच्या रांगेत बसत राहिले. लोक त्यांना नमस्कार करत राहिले. माई परतल्या नाहीत. भावाची प्रकृती बरी नसते, म्हणून माई तिकडे असतात, असं ते सांगत. माझ्या दुकानाची पायरी मात्र ते पुन्हा चढले नाहीत.

त्या उन्हाळ्यात पाणी आटलं आणि उरलेला मोठा मासाही गेला. पावसानंतर धरण पुन्हा भरलं. खात्याने नवी पिल्लं सोडली. तोवर सुलोचना बाजारात काजू फोडायच्या कामाला जात होती. तिच्या टोपलीतले मासे घ्यायला लोक भीत होते, आणि ती भीती माझ्यामुळे बाजारात पसरली होती, म्हणून मी तिच्या समोर जायचं टाळत होतो.

एका बाजारच्या दिवशी ती स्वतःच मागच्या खणात आली. पदर नव्हता तोंडासमोर. सोबत छबी होती, पायाने जरा अधू चालत होती, पण चालत होती.

"गऱ्या द्या, अण्णा."

मी नेहमीच्या, मळे नावाच्या बारक्या माशांसाठीच्या गऱ्यांची पुडी काढली. वर्षाच्या त्या दिवसांत धरणात बोटाएवढ्या पिल्लांशिवाय दुसरं काही नव्हतं.

"ह्या नको. सगळ्यात मोठी हाय ती द्या."

"अगं, मोठी गरी टाकून काय मिळणार आहे तुला? मोठा मासा आहे कुठे आता तिथे?"

"नसूंदे," ती म्हणाली. "मोठी गरी बारक्यांच्या तोंडात जात नाय."

मरळीसाठी ठेवलेली, माझ्या करंगळीएवढी गरी मी तिला दिली. ती वर्षभर धरणावर जात होती. बहुतेक दिवस टोपली रिकामीच घेऊन यायची.